पाच वाजताचा बाक

या घरातून कुठलाही अर्ज टेबलावर मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर पडत नाही. मग तो शाळेच्या सहलीचा असो, नळाच्या तक्रारीचा असो, नाहीतर मामाच्या लग्नाच्या नोंदणीचा असो. (त्या वाचनात मामाची खरी जन्मतारीख मामीला पहिल्यांदा कळली आणि पुढे जे झालं ते सगळ्या घराने पाहिलं!) नियम आबांचा. अपील न्यायालयात अर्ज घ्यायच्या खिडकीवर त्यांनी छत्तीस वर्षं काढली, आणि सही नाही, दुसरं पान नाही, एकदा तर अर्जदाराचं नावच नाही, अशा कारणांनी परत गेलेले कागद पाहून पाहून त्यांचा माणसाच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. कानांवर मात्र होता.

म्हणून आज, शुक्रवारी, जेवणं उरकल्यावर ताटं बाजूला सारून चौघं टेबलाभोवती जमली. ताईने कोर्टातून रजा घेतली होती. मामाने चष्म्याच्या दुकानावर 'जरा वेळाने भेटू' अशी पाटी लावली होती. भिंगरीची शाळा परीक्षेमुळे लवकर सुटली होती, आणि घरात सगळ्यात खणखणीत आवाज तिचाच असल्यामुळे वाचायचं काम तिच्याकडे होतं. घरात ताईला सगळेच ताई म्हणत, तिचा धाकटा भाऊ मामा आणि वडील आबासुद्धा. एकटी भिंगरी आई म्हणायची.

"अर्ज पाच वाजेपर्यंत पोचायला हवा," आबांनी घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता. "आणि आज शेवटचा दिवस! अगं, तू लहानपणी गृहपाठसुद्धा आदल्या दिवशी संपवायचीस."

"वाचू का?" भिंगरी म्हणाली. ती खुर्चीवर बसली नव्हती, खुर्चीमागे उभी होती. अपील न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचा अर्ज बसून वाचणं तिला अपमानास्पद वाटलं. "रकाना सहा. आजवरचा प्रवास. 'वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वकिलांच्या कार्यालयात टंकलेखक.'"

"मिनिटाला साठ शब्द," मामा म्हणाला. "ते लिही."

"'संध्याकाळच्या वर्गातून कायद्याची पदवी. त्यानंतर आठ वर्षं मोफत सल्ला केंद्रात वकिली.'"

"मोफत कसलं, फुकट!" मामा म्हणाला. "तेव्हा ताईकडे एकच कोट होता. दोन्ही कोपरांना ठिगळं. अशील तिलाच विचारायचे, बाई, तुमची केस कुठली?"

"ढब्या, गप," ताई म्हणाली, पण हसली.

"'कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश, सहा वर्षं. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश, अकरा वर्षं.' रकाना अकरा. 'आपले किती निकाल वरच्या न्यायालयाने फिरवले?' सात." भिंगरीने मान वर केली. "सात? आई, तू सात वेळा चुकलीस?"

"पाच वेळा. दोन त्यांनी चुकीचे फिरवले."

"आणि त्या पाचांचं काय?"

"दरवर्षी एकदा काढून वाचते."

हे तिने भाजीत मीठ बरोबर आहे, अशा सुरात सांगितलं. आबांनी मात्र पाण्याचा पेला उगाचच उचलून परत ठेवला. त्यांना अभिमान वाटला की ते असं काहीतरी उचलून परत ठेवतात, हे भिंगरीने केव्हाच टिपून ठेवलं होतं.

"सतरा!" ती म्हणाली. "'आपल्याला अपील न्यायालयात का यायचं आहे? दीडशे शब्दांत लिहा.'" तिने पान उलटलं. परत सुलटं केलं. "इथे काहीच नाहीये."

"काहीच नाही म्हणजे?" आबा पुढे झुकले.

"म्हणजे कोरं. पांढरं. हात पुसायला घ्यावं इतकं."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने टेबलावरचा एक कण बोटाने उचलला.

"त्यात काय एवढं!" मामा म्हणाला. "लिही, लहानपणापासून न्यायाची आवड."

"शी! असं तर सगळेच लिहितात," भिंगरी म्हणाली. आणि मग तिला सुचलं. इतकं सुंदर सुचलं की तिने खुर्चीवर थाप मारली. "वडिलांच्या प्रेरणेने! आई, ऐक ना. 'माझे वडील याच न्यायालयाच्या खिडकीवर छत्तीस वर्षं बसले. ज्या खिडकीतून त्यांनी अर्ज आत घेतले, त्याच इमारतीत मी...' अगदी रडतील ते लोक!"

"चल, काहीतरीच," आबा म्हणाले. पण पेला उचलला गेला. परत ठेवला गेला.

ताई झटकन उठली. "मी चहा टाकते," असं म्हणत तिने जाता जाता आबांचं ताट उचलून नेलं.

ताई चहा टाकते म्हणाली की काहीतरी बिनसलंय, हे मामाला जन्मापासून माहीत होतं. ताई चहा पीत नाही. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि दाराला टेकून उभा राहिला. भांड्यात पाणी होतं, खाली गॅस पेटलेला नव्हता.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"गेले दोन महिने तो अर्ज घेऊन फिरतेयस. सोळा रकाने भरलेस. अकराव्यात स्वतःच्या चुका बेधडक लिहिल्यास, आणि सतराव्यात गाडी अडली?"

ताईने गॅस पेटवला. मग बंद केला.

"तुला आठवतं, आई कामावर असायची तेव्हा शाळा सुटली की मी आबांच्या खिडकीमागे स्टुलावर बसायचे? तू शेजारच्या काकूंकडे असायचास."

"मला अजून त्याचा राग आहे. तुला शिक्के मारायला मिळायचे."

"नऊ वर्षांची होते. गणितं सोडवत होते. आबांनी पाचला खिडकीची फळी खाली ओढली, आणि तेवढ्यात एक बाई आली. धावत आली होती, फळीच्या फटीतून दिसली. बेकरीत काम करत असावी, कोपरापर्यंत पीठ. हातात कागदांचा गठ्ठा, बुटाच्या नाडीने बांधलेला. तिच्या राहत्या जागेचं अपील होतं. मुदत त्याच दिवशी संपत होती. ती म्हणाली, साहेब, तीनच मिनिटं झालीत."

मामा दाराचा टेका सोडून ताठ उभा राहिला.

"आबांनी फळी वर केली नाही. म्हणाले, उद्या या. ढब्या, उद्या नव्हताच तिला! आबांना माहीत होतं. मला नव्हतं. ती गेल्यावर फळीवर बाहेरून पिठाचे हात उमटलेले मी पाहिले. पुढे टंकलेखक झाले, तेव्हा मुदत म्हणजे काय ते कळलं. आणि मग मी वकील झाले. मग न्यायाधीश. सतराव्या रकान्याचं उत्तर एवढंच आहे. त्या इमारतीत फक्त कागद पोचतात, माणूस पोचत नाही. ज्याला कागदामागचं पीठ दिसेल, असं कुणीतरी आत हवं."

"मग दुसरं काहीतरी लिही. खोटं नको, पण... जरा इकडचं तिकडचं."

"खाली सही करायची आहे. 'वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे.' पूर्ण, ढब्या. मी रोज लोकांना शपथेवर उभं करते आणि स्वतः इकडचं तिकडचं लिहू?"

"म्हणजे अर्जच पाठवणार नाहीस?"

"जिल्ह्याचं कोर्ट मला आवडतं. माणसं समोर असतात."

"ताई, माझ्याकडे बघून बोल."

तिने पाहिलं नाही. "आबा शहात्तर वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून त्यांच्याकडे काय उरलंय? तेवढी खिडकी आहे. रोज जेवताना तिची एक तरी गोष्ट सांगतात. ती मी त्यांच्याकडून काढून घेऊ? तीही सरकारी कागदावर, शिक्का मारून?"

सकाळी मामाने नवी टाय घालून यायचं कारण एकच होतं, ताईला ढकलून, ओढून, गरज पडली तर पोत्यात घालून अपील न्यायालयात पाठवायचं. आता त्याने ती टाय सैल केली. लहानपणी ताईने त्याच्यासाठी किती वेळा मार खाल्ला होता ते त्याला एकदम आठवलं.

"नको पाठवूस मग," तो म्हणाला. "आबांना मी सांभाळतो. म्हणेन, अर्जावर चहा सांडला."

आणि दाराबाहेर, हातात उरलेली ताटं घेऊन, भिंगरी एका पायावर उभी होती. दुसरा पाय कधी उचलला होता ते तिला आठवत नव्हतं.

आबा गॅलरीत पेनात शाई भरत होते. ताईची सही या पेनाने व्हावी, असं त्यांनी महिनाभर आधीच ठरवलं होतं. नीब पुसून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर दोन रेघा ओढून पाहिल्या. छान वाहत होतं. शाईची बाटली बंद करताना त्यांच्या मनात आलं, वडिलांच्या प्रेरणेने. पोरगी काहीही बोलते. पण ताईने तसं लिहिलं, तर नको कशाला म्हणायचं?

"आबा, एक विचारू? रागवायचं नाही. ओरडायचंही नाही." भिंगरी समोर येऊन बसली, थेट फरशीवर. "पिठाने माखलेली बाई कोण?"

झाकण अर्धवट फिरलं आणि तिथेच थांबलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. म्हणजे मला नाही, मामाला. म्हणजे मी ऐकलं. आबा, मी मुद्दाम नाही ऐकलं, मी ताटं ठेवायला गेले होते!"

"ताईने पाहिलं होतं?" आबांचा आवाज इतका खाली गेला की भिंगरीला तो वाकून उचलावासा वाटला. "ती गणितं करत होती. मान खाली होती तिची. मी बघितलं होतं ना."

"आई गणितं करताना सगळं बघते. अजूनही."

आबांनी समोरच्या इमारतीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी चादर झटकत होतं.

"साहेबांची तंबी होती, पाचनंतर एकही कागद घ्यायचा नाही," ते म्हणाले. "पण ते कारण नाही. खरं कारण सांगू? मला घरी जायचं होतं. दिवसभर बसून पाठ भरून आली होती, आणि मला वाटलं, झालं आता, ओढली एकदा फळी. पुन्हा कोण उचलणार! एवढंच. दुसऱ्या दिवशी ती आली. मीच तिच्या अर्जावर 'मुदत संपली' असा शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात अर्जावरचा पत्ता शोधत गेलो. तिथे दुसरंच कुटुंब राहायला आलं होतं."

भिंगरीने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली.

"मग मी जिन्याखालचा बाक ओढत आणला," आबा म्हणाले.

"बाक? तुमच्या गोष्टींतला तो बाक?" हनुवटी उडाली. "तुम्ही तर म्हणता, लोकांचे पाय दुखतात म्हणून ठेवला!"

"लोकांना तसंच सांगितलं. दार पाचला बंद होतं, असा नियम होता. पण आत कुणाला मोजायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी बाक दाराच्या आतल्या बाजूला ठेवला. दार लागेपर्यंत जो बाकावर टेकलेला असेल, तो आत. मग त्याचा कागद घ्यायला साडेपाच होवोत नाहीतर सहा. साहेबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, रांग लावायला बरं पडतं. खरं सांगितलं असतं तर माझी चूक लेखी झाली असती. तेवढी हिंमत नव्हती गं."

"आईला हे माहीत आहे?"

"कसं असेल? तिने ते पाहिलंय, हेच मला माहीत नव्हतं."

"आबा," भिंगरी उभी राहिली, "ती अर्ज पाठवत नाहीये. तुमच्यामुळे. म्हणजे तुमच्यासाठी. सतराव्या रकान्यात ती बाई आहे."

आबांनी पेनाचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. मग ते उठले. गुडघा कुरकुरला, त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

ताई टेबलाशी आली तेव्हा मामा अर्जाशेजारी चहाचा कप घेऊन उभा होता आणि कप कोणत्या कोनात कलंडवावा याचा विचार करत होता.

"तो कप उचल," आबा म्हणाले. "ताई, बैस. हे पेन घे. मी सांगतो, तू लिही."

"आबा, काय लिहू?"

"सतरा." ते तिच्यासमोर बसले, अगदी ताठ, जशी माणसं त्यांच्या खिडकीसमोर उभी राहत असतील तशी. "'माझे वडील अपील न्यायालयाच्या खिडकीवर कारकून होते. मी नऊ वर्षांची असताना, एका संध्याकाळी, पाच वाजून तीन मिनिटांनी...'"

ताईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने छताकडे पाहिलं.

"आबा, राहू दे ना हे."

"लिही."

"निवड समितीतली पाच अनोळखी माणसं हे वाचतील. हा कागद कायमचा तिथे राहील."

"छत्तीस वर्षं लोकांनी घरातली भांडणं माझ्या हातात आणून दिली. नवऱ्याचं, भावाचं, पोराचं सगळं. मी कधी नाक मुरडलं नाही. आता माझा नंबर आला. लिही, तुझा तर मिनिटाला साठचा वेग आहे."

ताईने लिहायला सुरुवात केली. शाई छान वाहत होती. आबा सांगत होते, तारीख, पीठ, बुटाची नाडी. तिला वाटलं होतं की तिच्याशिवाय हे जगात कुणालाच आठवत नसेल, आणि त्यांना नाडीचा रंगही आठवत होता. तपकिरी. तिला रंग आठवत नव्हता. 'उद्या या' या शब्दांपाशी आबा थांबले. तिने वर न पाहता पुढची दोन वाक्यं स्वतःच लिहिली आणि थांबली. नीब कागदावर टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"दुसऱ्या दिवशी शिक्काही मीच मारला," आबा म्हणाले. "आणि मग बाक आणला."

"कुठला बाक?"

"आपला. दारातला."

ताईने पेन खाली ठेवलं. ती त्याच बाकासमोरून हजारदा गेली होती. टंकलेखक असताना त्याच बाकावर बसून तिने पाचनंतर तीन अपिलं दाखल केली होती. वकील झाल्यावर कितीतरी.

"मला वाटलं तुम्ही विसरलात," ती म्हणाली.

"मला वाटलं तू पाहिलं नाहीस."

मामाने चष्मा काढून पुसायला घेतला. त्याच्या धंद्यात ही एक सोय असते.

ताईने हात लांब करून आबांच्या बोटांवर ठेवला. मधे अर्ज होता, म्हणून जरा अवघडून ठेवावा लागला. "आबा, इतकी वर्षं एकट्याने..."

"तू तरी काय केलंस?" आबा म्हणाले. "पुरे आता. शब्द मोज."

भिंगरीने मोजले. "एकशे त्रेपन्न! तीन जास्त आहेत."

"चालतील," मामा म्हणाला. "कोण मोजतंय!"

"मी मोजायचो," आबा म्हणाले. "काढा तीन. ते 'बिचारी' काढ आधी. ती बिचारी नव्हती, धावत आली होती."

बिचारी गेली. मग 'अतिशय' गेला. तिसऱ्या शब्दावर दहा मिनिटं वाद झाला, मामा आणि भिंगरी एका बाजूला, ताई आणि आबा दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी 'आदरणीय वडील' मधला आदरणीय आबांनी स्वतः खोडला. मग खाडाखोड चालणार नाही म्हणून ताईने सगळं स्वच्छ कागदावर उतरवलं, भिंगरीने पहिल्या रकान्यापासून परत वाचलं, आणि सही झाली तेव्हा सव्वाचार वाजले होते.

"गाडी!" मामा ओरडला. "कुणी किल्ली पाहिली का?"

किल्ली चहाच्या बशीत होती. चहासकट.

ते पोचले तेव्हा पाचला चार मिनिटं होती. मामा गाडी लावायला जागा शोधत राहिला. ताई, आबा आणि भिंगरी पायऱ्या चढले. खिडकीवर दोघंच पुढे होते, पण पहिल्याच्या गठ्ठ्याला पानांचे क्रमांक नव्हते आणि खिडकीतल्या बाई एकेक पान मोजत होत्या. दाराच्या आत बाक होता. लाकूड मधोमध गुळगुळीत झालेलं, एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा.

ताई आणि भिंगरी बसल्या. आबा शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून, आपण इथले नाहीच अशा थाटात.

पाच वाजले. खिडकीतल्या बाई किल्ल्या घेऊन दाराशी आल्या आणि बोटाने मोजू लागल्या. "खिडकीवर दोन, बाकावर दोन. आजोबा, तुम्ही यांच्याबरोबर का? मग बसून घ्या. उभा माणूस मी मोजत नाही."

"मी... बरा आहे."

"अहो, इथला नियमच तसा आहे. कुणी घातला देव जाणे, पण आमच्या आधीपासून आहे आणि आम्ही पाळतो."

ताईने तोंड उघडलं. आबांनी हळूच तिच्या खांद्यावर बोट ठेवलं, आणि तिने ते मिटलं. मग ती सरकली, भिंगरी सरकली, आणि आबा आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर बसले. जपून बसले, जणू कुणाची तरी जागा आहे.

"तीन," बाई म्हणाल्या आणि दार ओढू लागल्या.

बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली. हेल्मेट घातलेला एक माणूस, छातीशी कागदांची पिशवी, श्वास असा की शब्द फुटेना. त्याने एक हात वर केला, नुसताच.

बाईंनी दार धरलं. त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाक भरला होता.

"सरका," आबा म्हणाले. "ताई, सरक. भिंगरे, तुला काय दोन जागा लागतात? सरका सगळे." ते स्वतः इतके कडेला गेले की अर्धे हवेत होते, आणि मधल्या रिकाम्या वितीवर त्यांनी तळहाताने दोनदा थापटलं. "या हो. आधी टेका. बोला मग."